चौकोन जागेवर हाये

सकाळी तपासणीच्या हॉलमध्ये मशीन सुरू होण्याआधी आम्ही सगळे गप्प उभे राहायचो. सर खिडकीकडे पाठ करून उभे असायचे. खिशातून पाकीट, पाकिटातून पारदर्शक कागदाची पुडी, पुडीतून चिमट्यानं काढलेलं एक पिवळं तिकीट. टपालाचं, जुनं, जपानी. ते काळ्या पुठ्ठ्यावर ठेवायचं, त्यावर धागे मोजायचं घडीचं भिंग उभं करायचं आणि भिंगाला आधी उजवा डोळा लावायचा, मग डावा. तेवढ्यात कोणाला ठसका लागला, तर त्या माणसाची दिवसभर खैर नसे. शेवटी सर मान वर करून जाहीर करायचे, "चौकोन जागेवर हाये. चालू करा."

मग मशीन सुरू व्हायची आणि आमचा श्वासही.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या आमच्या कापडाच्या युनिटमध्ये सर तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांना घाबरत नाही असा माणूस गेटपासून गोडाऊनपर्यंत नव्हता. मॅनेजरसुद्धा हॉलमध्ये शिरताना आधी दारातून डोकावून अंदाज घ्यायचे. आता सर पुण्याला लेकीकडे असतात. दर रविवारी मला फोन करतात. कशी आहेस, काय करतेस, असलं काही विचारत नाहीत. "दोघाईचे थेंब टाकून झाले," एवढं सांगतात आणि ठेवून देतात. तो फोन येईपर्यंत मला रविवारी चैन पडत नाही.

ते पिवळं तिकीट दोन सेनचं होतं; सेन म्हणजे जपानी पैसा. तांब्याच्या पत्र्यावर एकेक तिकीट हातानं कोरून छापलेलं, त्यामुळं एकाच पानावरची दोन तिकिटं कधी हुबेहूब सारखी नसतात, असं सर सांगायचे. फुलांच्या नक्षीखाली कोरणाऱ्यानं जपानी लिपीतलं एक अक्षर टाकलं होतं. ते दिसायला बारीकसा चौकोन. जुनाट कागदावर, पिवळ्या शाईत. चांगल्या डोळ्यालाही ते पटकन सापडत नसे. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते सापडलं नाही आणि मी भीतीपोटी "दिसलं" म्हणून मोकळी झाले.

"चौकोनाले किती बाजू दिसल्या, बाई?"

"चार, सर."

"खालची रेघ तुटेल हाये त्याची. साडेतीन दिसाले पायजे. जा, नळावर डोये धुऊन या."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसायची कोणाची टाप होती?

सरांचा दरारा असा, पण ते स्वतः किती घाबरट होते, हे कळायला मला वर्ष लागलं. ते मोबाइलच्या पडद्याकडे पाहायचे नाहीत. मेसेज आला की मला वाचायला लावायचे. घरी टीव्ही सुरू असला की भिंतीकडे तोंड करून ऐकायचे, असं त्यांच्या पत्नी, काकू, मला सांगत होत्या. रोज गाजर. उन्हाळ्यात टोपी, टोपीवर रुमाल, रुमालावर गॉगल. अमरावतीत राजकमल चौकाकडून जाताना एका गल्लीत डोळ्यांचा दवाखाना लागतो; ती गल्ली टाळण्यासाठी सर भला मोठा वळसा घालायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या गल्लीत कुत्रे लय हायेत."

मग कंपनीत डोळे तपासणीचं शिबिर आलं. कँटीनमध्ये अक्षरांचा तक्ता लागला, डॉक्टर आले, कामगारांची रांग लागली आणि सर गायब. मॅनेजरांनी मला शोधायला पिटाळलं. सर गोडाऊनमध्ये सापडले, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मागं, जमिनीवर बसलेले. वर पत्रा तापलेला, आत वाफ, आणि हा माणूस घामानं निथळत उकिडवा बसलेला.

"गेले काय ते?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मला हसू फुटलं. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. गठ्ठ्याची सुतळी त्यांनी मुठीत गच्च धरली होती. माझं हसू तिथंच विरलं.

"माहे बाबा पायीपायी गेले व्हते डॉक्टरकडं," सर म्हणाले. "चष्म्याचा नंबर काढाले. डॉक्टरनं डोयात टॉर्च मारला आन् म्हणाला, काचबिंदू हाये, लय उशीर केला. त्या दिवशीपासून बाबा आंधये. सकायपर्यंत दिसून राह्यलं व्हतं त्याईले, बाई!"

"पण सर, त्यात टॉर्चचा काय दोष?"

"टॉर्चचा दोष नाई, मले समजते. मी येडा नाई. पण मी टॉर्चपर्यंत जाणार नाई. बाबा माह्याच वयाचे व्हते." त्यांनी खिशावर हात ठेवला. "जवापर्यंत चौकोन दिसते, तवापर्यंत माहे डोये माह्यापाशी हायेत. ज्या दिवशी दिसणार नाई, त्या दिवशी पाहू."

त्या दिवसापासून रोज सकाळी "चौकोन जागेवर हाये" ऐकताना मला आत कुठंतरी धस्स व्हायचं. आज तो दिसला नाही तर? भिंग खाली ठेवून हा माणूस काय बोलेल? इतरांना सरांच्या रागाची भीती होती. मला आता सरांच्या भीतीची भीती वाटायला लागली होती.

शिकवायचे मात्र जीव लावून. कापड आणि तिकीट ही दोन कामं त्यांच्या लेखी एकच होती. ज्या भिंगानं इंचात किती धागे ते मोजायचं, त्याच भिंगानं तिकिटाच्या काठाची भोकं मोजायची. दोन सेंटिमीटरात किती भोकं बसतात, तो त्या तिकिटाचा नंबर. चित्र तेच, रंग तोच, पण एकाची भोकं अकरा आणि दुसऱ्याची साडेबारा असली की ती दोन वेगळी तिकिटं. काही यंत्रं एका वेळी एकच सरळ ओळ पाडतात. मग उभी ओळ आडव्या ओळीला कोपऱ्यात कशीही छेदते. काही यंत्रं कंगव्यासारखी असतात, तीन बाजू एकदम पाडतात. त्यांचे कोपरे नीटनेटके. काही लबाड लोक तर कापलेल्या काठाला घरी बसून नवी भोकं पाडतात आणि तिकीट अख्खं म्हणून विकतात. असं एखादं सापडलं की सरांचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी त्यांच्या घरात शिरलंय.

"लोकं मंधातच पायतात," ते म्हणायचे. "फूल हाये, डोंगर हाये, पक्षी हाये. अरे, मंधातलं कोणीबी छापते. आधी कड पाहा. कापडाचीबी किनार आधी, पोत मंग."

अकोल्याला जुन्या शहरात माझं माहेर. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली जुनी नाणी आणि तिकिटंही असतात. सर वर्षानुवर्षं तिथं येतात, हे मला नोकरी लागल्यावर समजलं. रविवारी माहेरी गेले की कधी कधी तिथं सरांची पाठ दिसायची. मी आत गेले की चाचा स्टूल पुढं सरकवायचे आणि सरांकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाय बेटा, तुहा साहेब दोन घंट्यापासून एकच तिकीट पाहून राह्यला. नवरी पसंत कराले एवढा टाइम लागला नसन याले."

तिथंच एकदा सरांनी मला छपाई ओळखायला शिकवली. चाचांनी मोडक्यातोडक्या तिकिटांचा एक डबा दिला होता. "यातल्याले हात लावला तरी चालते," असं म्हणून सरांनी मला डोळे मिटायला लावले आणि एकेक तिकीट बोटाखाली दिलं. कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या तिकिटाची शाई कागदावर उभी राहते. बोटाला बारीक भरतकाम लागल्यासारखं वाटतं. खिळ्याच्या छपाईत ठसा कागदात दाबला जातो, त्याचा वळ मागच्या बाजूला लागतो. आणि ऑफसेटला काहीच लागत नाही, सपाट. मला तिन्हीत काही फरक कळेना. सर मात्र डोळे मिटून एकामागून एक सांगत सुटले. कोरीव. खिळा. खिळा. सपाट. एकही चुकलं नाही.

चाचांनी कौतुकानं मान डोलावली आणि सहज म्हणाले, "मास्टर, तुमी तं आंधयेपणाची तयारी करून राह्यले."

सरांचे डोळे उघडले. त्यांनी हातातलं तिकीट डब्यात टाकलं, चप्पल घातली आणि निघून गेले. चाचांना काही समजेना. ते पार हवालदिल झाले. "मी असं काय बोललो, बेटा?" त्यानंतर कितीतरी महिने सर अकोल्याला फिरकले नाहीत.

परत आले ते दिवाळीनंतर, आणि आल्याआल्या त्यांनी चाचांकडून युद्धाच्या काळातली जपानी तिकिटं मागितली. काचेवर ती क्रमानं मांडली. मला अजून ते दृश्य आठवतं. पहिलं तिकीट स्वच्छ, काठ नीट, मागं डिंक. पुढची हळूहळू फिकट, कागद भरड. मग डिंक नाहीसा झालेला. शेवटी भोकंही नाहीत; माणसानं कात्रीनं कापून चिकटवायचं.

"देश हारून राह्यला व्हता," सर म्हणाले. "छापाले माणूस नाई, भोकं पाडाले यंत्र नाई. पण पाहा, चित्र मंधात तसंच हाये. जो मंधात पाहीन त्याले वाटन, सगळं ठीक हाये." शेवटच्या तिकिटाच्या कोऱ्या काठावरून त्यांनी चिमटा फिरवला. "कड आधी जाते."

हे ते स्वतःच्या तोंडानं बोलले होते. मी आणि चाचा दोघंही साक्षीदार आहोत.

त्याच सुमाराला बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या होत्या. प्रत्येक वेळी काही ना काही कारण सापडायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. सरांनी पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला. डाव्या किनारीला सलग डाग होते. सरांनी मशीनच्या ट्यूबलाइटला शिव्या दिल्या. मालाची ढकलगाडी त्यांच्या अंगावर आली. त्यांनी गाडीवाल्याला झापलं. स्कूटरचा डावा आरसा दोनदा फुटला. पार्किंगवाला बदनाम झाला. आणि डबा. सरांच्या डब्यात डाव्या कोपऱ्यात काकू ठेचा द्यायच्या. सर तो खाईनासे झाले. आम्हाला वाटलं पित्त झालं असेल. डबा मिटताना मी किंवा शेजारची कोणी बाई विचारायची, "सर, ठेचा घेऊ का?" सर म्हणायचे, "घ्या, घ्या," आणि कसला ठेचा याचा विचारही न करता हात धुवायला उठायचे. ठेचा झणझणीत असायचा. आम्ही मिटक्या मारत खायचो.

त्या संध्याकाळी कंपनीची बस बिघडली होती. सर म्हणाले, "चला, मी सोडतो अमरावतीपर्यंत." नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी मागं बसले. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. हायवेवर येण्याआधी एक बाजूचा रस्ता लागतो. तिथं एक माणूस सायकलवर चाऱ्याचा भारा लादून डावीकडून हळूहळू रस्ता ओलांडत होता. मला तो लांबूनच दिसला. भारा एवढा मोठा की सायकल दिसतच नव्हती. मला वाटलं सर आता ब्रेक दाबतील. मग वाटलं, आता दाबतील. वेग कमी होईना. सर शांतपणे समोर पाहत होते.

मी किंचाळले आणि त्यांचा खांदा मागं ओढला. स्कूटर वाकडी झाली, गिट्टीत घसरली, चाऱ्याला घासून थांबली. आम्ही पडलो नाही, कसं ते मला ठाऊक नाही. सायकलवाल्याच्या पायापासून आमचं चाक वीतभर लांब होतं.

"डोये फुटले काय बे तुहे?" तो ओरडला.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी त्यांनी त्या माणसाच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. ते फक्त एवढंच म्हणाले, "हा कुठून आला?"

"सर, तो केव्हाचा होता तिथं."

त्यांनी स्कूटर दिव्याखाली लावली. खिशातून पाकीट काढलं, पुडी काढली. तिकीट दोनदा चिमट्यातून सुटलं. पुठ्ठा सीटवर ठेवून त्यांनी भिंगाला डोळा लावला. उजवा. डावा. बाजूनं ट्रक जात होते आणि मी त्यांच्या मागं उभी होते.

"चौकोन जागेवर हाये!" ते जवळजवळ ओरडले. "साडेतीन बाजू. साफ. पाह्यलं ना? माहे डोये ठीक हायेत. त्याचीच चुकी व्हती."

तेव्हा मला समजलं. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी डोळ्याच्या मधोमध असलेला एक ठिपका तपासत होता.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही समोर त्या पाटीकडं पाहा. पाटीवरून नजर हलवू नका."

"काहून?"

"पाहा ना, सर."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. मी भिंग उचललं आणि त्यांच्या डाव्या कानाजवळ धरलं. मग हळूहळू पुढं आणायला लागले. गालाजवळ. डोळ्याच्या कोपऱ्याजवळ. भिंगाची काच दिव्यात चमकत होती. मनात मी म्हणत होते, आता बोला, सर, आता तरी बोला. भिंग त्यांच्या नाकासमोर आलं तेव्हा ते दचकून मागं सरले.

"हे कवा धरलं तू?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा "तू" म्हणाले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पुठ्ठ्यावरच्या तिकिटाकडे.

"मी मंधात पाहून राह्यलो व्हतो," ते म्हणाले.

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते दगडावर बसले आणि हातानं डोळे झाकून घेतले. मी ऑटोला फोन केला. स्कूटर एका ढाब्यावर ठेवली. ती परत त्यांनी कधी चालवली नाही.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. सकाळी सर खिडकीशी उभे राहायचे, पाकिटाला हात लावायचे आणि ते न उघडताच म्हणायचे, "चालू करा." चौकोनाचं नाव नाही. हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे पाहायचे. एका बाईनं मला विचारलंसुद्धा, सरांचं तिकीट हरवलं का. मी रोज ठरवायची की आज त्यांना दवाखान्याचं बोलायचं आणि रोज त्यांच्या तोंडाकडे पाहून गप्प बसायची. शेवटी तेच माझ्या टेबलापाशी आले.

"अमरावतीत नको. इथं सगळे ओयखतात. घरीबी सांगतलं नाई मी. तुह्या अकोल्यात असा डॉक्टर हाये काय, ज्याचा टॉर्च बारीक असन?"

अकोल्याची डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षाही लहान असेल. सरांनी खुर्चीत बसून दोन्ही मुठी आवळल्या आणि म्हणाले, "मारा." तिनं टॉर्च मारला. नंतर त्यांना अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या कटोऱ्यासारख्या यंत्रापुढं बसवलं. मधल्या दिव्याकडे पाहत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातला खटका दाबायचा. मी दाराबाहेर बसले होते. खटका ऐकू यायचा. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टक. पुन्हा शांत. त्या शांततेत आत दिवे लागत होते आणि सरांना ते दिसत नव्हते, एवढं मला बाहेर बसून कळत होतं. मी पदर तोंडात धरला.

तपासणीचा कागद छापून आला. त्यावर दोन गोल, आणि गोलांचा बराचसा भाग काळा. डॉक्टर समजावून सांगत होती, की काचबिंदू बहुतेक वेळा बाजूची नजर आधी खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी राखता येईल, पण एक दिवसही चुकवायचा नाही.

सरांनी कागद भिंगाखाली धरला. "कापेल तिकीट हाये हे," ते म्हणाले. "डावी बाजू सारी कापेल."

"मुलंबाळं?" डॉक्टरनं विचारलं.

"एक मुलगी. पुण्याले."

"तिला तपासून घ्या. तुमच्या वडिलांना होता, तुम्हाला आहे. आत्ता काही नसलं तरी तपासायलाच हवं."

मी सरांकडे पाहत होते. टॉर्च मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे नव्हतं, ते आता आलं.

परतीसाठी आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाकावर बसून मी त्यांचा डबा उघडून दिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते भाकरीचा तुकडा मोडून तसेच बसून राहिले.

"बाबाच्या ताटात डाव्या अंगाची चटणी तशीच राहे," ते म्हणाले. "माय म्हणे, याईले माह्या हातची चटणी आता गोड लागत नाई. रडे. आमी चार पोरं पाहून राह्यलो व्हतो, पण कोणाच्या ध्यानात आलं नाई."

मी डब्याकडे पाहिलं. माझ्या पाहण्यानं त्यांनीही मान वळवून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात ठेचा होता.

"हा रोजच राहते काय अठी?"

"हो, सर."

"तुमी घेऊ काय म्हणून विचारत व्हत्या, तो हाच?"

"हो, सर."

त्यांनी बोटानं ठेचा उचलला, तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मले वाटलं तुह्या काकूनं देणं बंद केलं," ते म्हणाले. "चार महिन्यापासून मी तिच्याशी धड बोललो नाई, बाई. ठेच्यावरून."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "पोरीले लाव. तिचं तोंड दिसन असा लाव."

पडद्यावर त्यांची लेक आली, मागं जावई. सरांनी काय झालं ते सांगितलं नाही. लहानपणी तिकिटं दाखवताना द्यायचे तसा हुकूम दिला: समोरच्या घड्याळाकडं पाय, एक डोळा झाक, मान हलवू नको. जावयाला म्हणाले, चमचा घ्या, कानामागून हळूहळू पुढं आणा. लेक हसत होती. "बाबा, हा काय खेळ?" लहानशा पडद्यावर चमचा कुठं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं.

"दिसला!" लेक म्हणाली.

"कुठून दिसला तिले?" सरांनी मला विचारलं.

"कानापासूनच, सर. लगेच."

त्यांनी श्वास सोडला. "आता दुसरा डोया."

चमचा पुन्हा निघाला. कानाशी आला. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. चमचा पुढं सरकला, गालावर आला, आणखी थोडा पुढं. लेक घड्याळाकडे पाहत हसत होती. मग म्हणाली, "हां, दिसला."

"कुठून?" सर म्हणाले.

ती हसण्यात असेल. लक्ष नसेल. मी भिंग फिरवल्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टरही म्हणाली होती की अशी घरगुती तपासणी कच्ची असते. सरांनी माझं मनगट धरलं.

"बाई. कड कुठी हाये, बराबर सांग."

"पहिल्यापेक्षा जवळून, सर. गालावर आल्यावर."

गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांमागं दिसलेला चेहरा मला समोर दिसत होता. मला वाटलं, आता हे उठतील आणि कुठंतरी जाऊन लपतील. त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"बेटा, घाबरू नको," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भीतीनं फाटला होता. "उद्या आपण डॉक्टरकडं जाऊ. मी येऊन राह्यलो."

"बाबा? तुम्ही? एकटे?"

"तुह्या मायले फोन करून सांगतो. ती येईन मागून. मले दिसते. मंधातलं दिसते, तेवढ्यात पुण्याले येता येते."

फोन बंद करून ते उभे राहिले. डबा माझ्या हातात, थेंबांची पिशवी त्यांच्या. स्टँडवर गाड्यांचे आवाज, कंडक्टरांचे पुकारे.

"पुण्याची गाडी कोण्या अंगाले लागते?"

"डाव्या, सर."

त्यांनी सगळी मान डावीकडे वळवली आणि गाडी दिसेपर्यंत ती तशीच ठेवली.